विहिरीवरचा लाल फुगा

देवाजीनं आयुष्यात एकच काम जीव ओतून केलं, ते म्हणजे उभं राहणं. ऐकून हसू येत असेल तर खुशाल हसा. त्याला स्वतःलाही येतं. मोजणीवाल्या मनोहररावांकडं तो बत्तीस वर्षं पट्टीवाला होता. जमीन मोजायची म्हणजे एका टोकाला मनोहरराव तीन पायांवर दुर्बीण लावून, आणि दुसऱ्या टोकाला देवाजी चार मीटर उंचीची लाकडी पट्टी धरून. पट्टीवर लाल-काळे आकडे रंगवलेले. मनोहरराव एक डोळा मिटून ते आकडे वाचायचे, वहीत उतरवायचे आणि मधूनच लांबून हाळी द्यायचे, "हलू नको गा, देवाजी." देवाजी हलायचा नाही. नाकावर माशी बसली तरी नाही.

आता असा अर्धा-पाऊण तास निमूट उभा राहणारा माणूस दुसरं करणार काय? देवाजी स्वप्नं बघायचा. डोळे उघडे ठेवून, उन्हात, पट्टी सरळ धरून. शहराबाहेर, हुडकेश्वरच्या पलीकडं तेव्हा नुसतं माळरान होतं. तिथं लेआउटचे दगड रोवायला गेले, तर देवाजीला एकेका रिकाम्या प्लॉटवर घर दिसायला लागलं. या घराच्या गच्चीवर कुरड्या वाळताहेत, त्या घराच्या दारात निळा दिवा लागलाय, आणि कोपऱ्यावरच्या घरात कोणीतरी बाई सकाळपासून रेडिओ बंदच करत नाहीये. पुढं तिथं खरीच घरं झाली. देवाजी अजून त्या रस्त्यानं जातो आणि मनात म्हणतो, दिवा चुकवला लेकाच्यांनी, निळा पाहिजे होता.

मनोहररावांची दुर्बीण जुनी होती. नवी यंत्रं आली, आकडे आपोआप दाखवणारी आली, पण यांनी काही ती सोडली नाही. एकदा कोराडीला राखेच्या तळ्याच्या काठावर मोजणी चालली होती. दुपारी डबा खाताना ते सहज म्हणाले, "ये, पाहा तूही." तेवढ्यापुरता देवाजीच्या जागी अंकुश नावाचा दुसरा गडी पट्टी धरून उभा होता. देवाजीनं डोळा लावला आणि एकदम मागं सरला. आतमध्ये सगळं जग उलटं होतं. वीजघराच्या चिमण्या वरून खाली लोंबत होत्या, धूर आणखी खाली वाहत होता, पांढरे बगळे छताला चिकटल्यासारखे चालत होते. आणि अंकुश, पाय वर, डोकं खाली, पट्टीसकट आभाळात टांगलेला. जुन्या दुर्बिणी असंच दाखवायच्या.

"साहेब, तुमी मले बी रोज असेच पाहता का?"

"रोज."

"मंग मी पडत काहून नाई?"

"तू हलत नाहीस ना, म्हणून," मनोहरराव भाकरीचा घास मोडत म्हणाले.

ते उत्तर देवाजीला फार आवडलं. रात्री त्यानं बायकोला, सुमतीला, ते दोनदा सांगितलं.

या उलट्या दुर्बिणीनं देवाजीला एक विद्या दिली. साहेबाला आकडे सुलटे दिसावेत म्हणून पट्टीवर ते मुळातच उलटे रंगवलेले असायचे. देवाजीची शाळा तिसरीत सुटलेली. अक्षरं तो बोट ठेवून, दमादमानं वाचतो. आकडे मात्र त्याला पट्टीनं शिकवले, आणि पट्टीनं शिकवले म्हणजे उलटेच शिकवले. सुलटा सात समोर आला तर तो क्षणभर अडखळतो. उलटा असला तर चालता चालता वाचतो. या विद्येचा उपयोग त्याला पुढं कळला. टेबलापलीकडं साहेब कागद घेऊन बसलेला असतो, अलीकडं आपण उभे असतो, आणि तो कागद आपल्याकडून उलटाच दिसतो. तिथं देवाजीला सगळे आकडे दिसायचे. वस्तीतले लोक रेशनच्या, दवाखान्याच्या कामाला त्याला मुद्दाम सोबत न्यायचे.

वस्तीचं नाव चिंचटोली. देवाजीचे वडील छप्पन साली उमरेडकडच्या गावाहून पायी दीक्षेला आले होते. दीक्षा घेतली आणि परत गावाला गेलेच नाहीत. तिथं पाणवठ्यावर जी जागा होती ती पुन्हा घ्यायची नव्हती, एवढंच त्यांनी सांगितलं. नाल्याकाठी एक विहीर होती, तिच्यापासून थोड्या अंतरावर त्यांनी तट्ट्याचं घर घातलं, दारात कडुलिंब लावला. मग आणखी घरं आली, विहार झाला, आणि वस्ती झाली.

मग एका वर्षी सरकारनं ठरवलं की जुन्या वस्त्यांतल्या लोकांना राहत्या जागेचे पट्टे द्यायचे, म्हणजे जागा त्यांच्या नावानं लिहून द्यायची. चिंचटोलीच्या मोजणीचं काम ज्या ठेकेदाराला मिळालं त्यानं मनोहररावांना पाठवलं. मनोहररावांसोबत अर्थातच देवाजी. त्या दोन दिवसांसारखे दिवस त्याच्या आयुष्यात पुन्हा आले नाहीत. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, आता आपली वस्ती मोजायची. बायकांनी अंगणं सारवली, जणू दुर्बिणीतून शेणाचा वासही दिसणार होता. मनोहररावांना वस्तीच्या मधोमध एक पक्की जागा हवी होती, जिच्यावर पट्टी धरून सगळी घरं मोजता येतील. देवाजीनं कुठली जागा दाखवावी? स्वतःच्या घराचा उंबरठा.

"इथून सारी वस्ती दिसते, साहेब," तो म्हणाला. हे खरंही होतं.

दोन दिवस तो आपल्या दारात पट्टी धरून उभा राहिला. मागं घरात सुमती भाकऱ्या थापत होती, डोक्यावर लिंबाची सावली होती, आणि लेन्सच्या पलीकडून मनोहरराव म्हणत होते, "हलू नको गा." त्यानं उभ्या उभ्या वस्तीभर पक्की घरं बांधून टाकली. सुमतीसाठी एक जिनाही बांधला, वर गच्चीत जायला.

महिन्याभरानं नकाशा तयार झाला. देवाजीनं तो टेबलाच्या अलीकडून पाहिला. प्रत्येक घराचा चौकोन, चौकोनात नंबर. त्याच्या घराच्या जागी चौकोन नव्हता, एक छोटा त्रिकोण होता. मोजणीत पक्क्या जागेला त्रिकोण काढतात हे त्याला माहीत होतं, आणि त्याची छाती फुगली. बाकी साऱ्यांना नुसते नंबर, आपल्याला त्रिकोण. सारे नंबर आपल्यापासून मोजलेले. तो घरी येऊन सुमतीला म्हणाला, "आपलं घर त्रिकोण हाये."

सुमती शहाणी बाई. ती म्हणाली, "अन् नंबर कोणता हाये?"

"त्रिकोणाले नंबर कायले पाहिजे वं?"

ते कायले पाहिजे, हे पट्टे वाटले त्या दिवशी कळलं. विहाराच्या अंगणात नंबरानं नावं पुकारली. त्रेचाळीस झाला, लगेच चव्वेचाळीस झाला. देवाजीचं घर त्या दोघांच्या मधे होतं. त्याचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. नकाशात तिथं घरच नव्हतं. तिथं पट्टीवाला उभा होता.

अर्ज केले. ऑफिसातले लोक म्हणाले ठेकेदाराकडं जा, ठेकेदाराचं ऑफिस बंद होऊन तिथं मोबाइलचं दुकान निघालेलं. मनोहरराव निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडं गेले होते. पट्टा नाही म्हणून नंबर नाही, नंबर नाही म्हणून घरकुलाचं अनुदान नाही. वस्तीत विटांच्या भिंती उठल्या आणि देवाजीचं टिनाचं घर लिंबाखाली तसंच राहिलं. रेशनकार्डावर, आधारवर, त्याचा पत्ता एकच: विहिरीजवळ, चिंचटोली. सुमती त्याला त्यावरून कधी टोचून बोलली नाही, आणि हेच त्याला जास्त लागायचं. चार वर्षांपूर्वी ती गेली. जाताना तिनं काही मागितलं नाही, पण देवाजीला तिचा तो न बांधलेला जिना अजून दिसतो.

आता घरात मुलगा प्रेमानंद, सून भावना आणि सहा वर्षांची नात मिनल. प्रेमानंद कोराडीला कोळशाचा ट्रक चालवतो, रविवारी घरी येतो. भावना मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहे. तिची बस सकाळी सहाला वस्तीच्या तोंडाशी येते. म्हणून दिवसभर मिनल आणि देवाजी, देवाजी आणि मिनल. स्वप्नाळूपणात नात आजोबाच्या वरताण निघाली. देवाजीनं तिला उलटं जग सांगितल्यापासून ती रोज बाजेवर पाठीवर पडून, डोकं कडेनं खाली सोडून वस्ती बघते. "आबाजी, शकूमावशी आभायातून पाणी आणून राहिली," म्हणून सांगते.

वस्तीजवळची मराठी शाळा पट कमी झाला म्हणून बंद झाली. दुसरी आहे ती रिंगरोडच्या पलीकडं, आणि तो रस्ता ओलांडायचा म्हणजे मोठ्या माणसालाही आधी चार ट्रक जाऊ द्यावे लागतात. पण नाल्याच्या पल्याड, लेआउटमध्ये, एक इंग्रजी शाळा आहे. तिचा जिना काचेआड आहे. सकाळी वस्तीतून बघितलं की त्या काचेत मुलं ठिपक्यांएवढी वर चढताना दिसतात, वळणावर गडप होतात आणि पुन्हा आणखी वर उगवतात. चिंचटोलीत कोणाच्याच घराला जिना नाही. मिनल तासन्‌तास ते बघत बसायची.

"आबाजी, थे पोट्टे वर जाऊन काय करते?"

"शिकते."

"खाली नाई शिकता येत?"

 त्या दिवसापासून सुमतीचा जिना आणि मिनलचा जिना त्याच्या डोक्यात एकच झाला. या पोरीला त्या काचेआड चढताना बघायचं, बाकी आपल्याला आता काही नको, असं त्याला मनापासून वाटायला लागलं.

मोठ्या शाळांनी पहिल्या वर्गातल्या काही जागा गरिबांच्या लेकरांसाठी ठेवायच्या आणि फी सरकारनं भरायची, असा कायदा आहे. वस्तीत त्याला नुसतं आरटीई म्हणतात. विहारात वैभवी नावाची कॉलेजातली मुलगी लॅपटॉप घेऊन बसते आणि सगळ्यांचे फॉर्म फुकट भरून देते. भावनाची ड्युटी, म्हणून फॉर्मला देवाजीच गेला. सगळं ठीक झालं. शेवटी वैभवीनं वस्तीचा वरून काढलेला फोटो उघडला आणि एक लाल फुगा दाखवला.

"आबाजी, हा फुगा तुमच्या घरावर ठेवायचा. शाळा इथून एक किलोमीटरच्या आत पाहिजे. पायानं नाही, पाखरासारखं सरळ मोजते ते."

देवाजी त्या फोटोकडं बघतच राहिला. आयुष्यभर जमिनीवर उभं राहून त्यानं जग पाहिलं होतं, एकदा उलटंही पाहिलं होतं, पण वरून कधी नाही. टिनांची छपरं चकाकत होती. कुठं निळी ताडपत्री. त्याचं घर नव्हतंच. तिथं लिंबाचा हिरवा गोळा होता, घर त्याच्याखाली. आणि थोडं बाजूला विहिरीचं काळं गोल तोंड. फोटो काही वर्षांपूर्वीचा असावा, कारण विहिरीच्या काठावर एक लाल ठिपका होता. सुमती तिची लाल साडी तिथंच वाळत घालायची. तो ठिपका साडीचाच आहे, हे देवाजीनं ठरवून टाकलं.

"फुगा विहिरीवर ठेव," तो म्हणाला.

"घरावर ठेवायचा असते, आबाजी."

"पोरी, मी बत्तीस वर्षं हेच काम केलं. जे दिसते अन् हलत नाई, त्याच्यावर खूण करा लागते. विहीर हलत नाई."

त्यानं वैभवीला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं असं, की एकदा त्याच्या घरावर खूण पडली होती आणि घर नकाशातून गेलं होतं. या खेपेस खूण घरापासून लांब असलेली बरी. मागं फॉर्मसाठी आठ जण उभे होते. वैभवीनं फुगा विहिरीवर सोडला.

एप्रिलमध्ये सोडतीत मिनलचं नाव लागलं. भावनाच्या फोनवर मेसेज आला तेव्हा ती कँटीनमध्ये पोळ्या लाटत होती. तिनं तिथूनच फोन केला आणि नुसतीच रडत राहिली. देवाजी मिनलला घेऊन नाल्यापलीकडं, शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आला. दोघांनी जिन्याच्या पायऱ्या मोजायचा प्रयत्न केला. काच मधे असल्यामुळं एकदा अठरा भरल्या आणि एकदा बावीस.

आता फक्त कागदांची पडताळणी बाकी होती. ती एका शाळेच्या हॉलमध्ये होती, कूलर घरघरत होता, वाळ्याचा वास येत होता. भावनानं अर्धी सुटी घेतलेली. टेबलापलीकडं समितीच्या गोपिका मॅडम. आधार पाहिलं, जातीचा दाखला पाहिला, उत्पन्नाचा पाहिला. मग त्यांनी नकाशाचा कागद उचलला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे काय? तुमचा पॉइंट विहिरीवर आहे. विहिरीत कोण राहतं?"

"घर विहिरीजवळच हाये, मॅडम," भावना म्हणाली. "पत्त्यावर बी तसंच लिहून हाये."

"जवळ म्हणजे किती जवळ? घर नंबर काय?"

"नंबर नाई."

मॅडम वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या, आणि सकाळपासून त्यांना खोट्या पत्त्यांचे चार जण भेटले होते. "हे पाहा ताई, जागा जवळ पडावी म्हणून लोक पॉइंट सरकवतात. असं दिसलं की आम्हाला रद्द करावं लागतं. प्रतीक्षा यादीत दुसरं मूल आहे. उद्या शेवटचा दिवस."

भावना देवाजीकडं वळली. "मामाजी, तुमी फुगा विहिरीवर ठेवला?"

एवढंच ती बोलली. सुमतीच्या 'नंबर कोणता हाये?' नंतर पहिल्यांदा कोणीतरी त्याला तोच प्रश्न विचारला होता, फक्त शब्द वेगळे होते. देवाजीला वाटलं, आपण पुन्हा तेच केलं. दारात उभं राहून एकदा घर घालवलं, आता शहाणपणा करून पोरीची शाळा घालवली. उभं राहायची सवय अशी, की तरीही तो टेबलासमोर ताठ उभा राहिला.

मॅडमनी पेन उघडलं. शेऱ्याचा रकाना रिकामा होता. त्याच्या शेजारी छापलेला आकडा देवाजीला अलीकडून लख्ख दिसला.

"मॅडम," तो म्हणाला, "शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव लिहून हाये ना?"

मॅडमचं पेन थांबलं. "तुम्हाला कसं दिसलं?"

"मले आकडे उलटेच वाचता येते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. कुठं शिकलात म्हणून विचारलं, आणि देवाजीनं पट्टी सांगितली, दुर्बीण सांगितली. मग म्हणाला, "विहिरीपासून माहं घर बासष्ट पावलं हाये. पण थे शाळेच्या अंगानं हाये, मॅडम. घरावर फुगा ठेवला असता त शाळा अजून जवळ आली असती. सरकवाचाच असता त मी लांब कायले सरकवला असता?"

मॅडमनी नकाशा पुन्हा पाहिला. विहीर कुठं, शाळा कुठं, बोटानं रेघ ओढून पाहिली.  "कागदावर मला घर दिसत नाही, झाड दिसतं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी उद्या सकाळी येते. घर असेल तर पंचनामा करीन. नसेल तर मला दोष देऊ नका."

त्या रात्री भावनानं देवाजीला जेवायला वाढलं आणि ती कागदांची पिशवी पुन्हा लावत बसली. देवाजी बाजेवर पडून लिंबाकडं बघत होता. वाऱ्यानं मोहोर गळत होता. उद्या मॅडम येतील आणि इथं खरंच घर नसेल, नुसतं झाड असेल, आणि आपण त्याच्याखाली पट्टी धरून उभे असू, असं त्याला डोळ्यासमोर दिसत राहिलं. त्यानं दोनदा उठून टिनाला हात लावून पाहिला.

सकाळी आठलाच ऊन तापलं होतं. गोपिका मॅडम स्कूटीवर तोंडाला ओढणी बांधून आल्या. भावनानं त्या दिवसाची ड्युटी सोडून दिली होती. मॅडमनी विहीर पाहिली, पावलं मोजत लिंबापर्यंत आल्या, फांदी बाजूला केली आणि टिनाचं घर पाहिलं. बाजूच्या दोन घरांतून साक्षीला माणसं बोलावली. फोनच्या नकाशात जागा धरली. घरापासून शाळा शून्य पूर्णांक त्र्याण्णव निघाली. मग म्हणाल्या, "काका, दारात उभे राहा. जागेसकट फोटो लागतो."

देवाजी दारात गेला. पाठ आपोआप ताठ झाली, उजवी मूठ छातीपाशी आली आणि पट्टी धरल्यासारखी मिटली. मॅडमनी फोन वर केला. "अगदी बरोबर. आता हलू नका."

आणि देवाजी हलला.

"मले नका घेऊ, मॅडम."

"का हो?"

"याच दारात मी एक डाव उभा राहिलो होतो. घर माह्या मागं लपलं, अन् कोणाले दिसलंच नाई." तो उंबरठ्यावरून खाली उतरला. "मिनलले घ्या. मिनल, ये वं इकडे."

मिनल उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. ती मुळीच स्थिर राहिली नाही. आधी एका पायावर, मग दुसऱ्या, मग वर लिंबाकडं बघून मोहोर झेलायला लागली. देवाजी बाजूला होऊन बघत होता. ती एवढीशी होती, की तिच्या दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावरून घर नीट दिसत होतं. चौकट दिसत होती, आत चूल दिसत होती, भिंतीवरचा सुमतीचा फोटोही दिसत होता.

फोटो निघाला. मॅडम बाजेवर बसून कागदावर लिहायला लागल्या. देवाजी समोर उभा. आकडे त्यानं नेहमीसारखे उलटे वाचले. त्र्याण्णव बरोबर आला होता. पण शेऱ्याच्या रकान्यात मॅडम अक्षरं लिहीत होत्या, आणि उलटी अक्षरं काही त्याला येत नव्हती. इतकी वर्षं तो टेबलाच्या अलीकडं उभा राहिला, जे उलटं दिसलं तेवढंच आपलं म्हणाला, आणि उरलेलं कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला, "कागद जरा माह्याकडे फिरवा."

मॅडमनी मान वर केली. मग कागद फिरवला आणि त्याच्या हातात दिला. देवाजी बाजेच्या कडेला बसला, बोट ठेवून दमादमानं वाचायला लागला. मिनल त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. भावनाही चुलीपुढून उठून आली.

लिहिलं होतं, "समक्ष पाहणी केली. दिलेल्या पत्त्यावर घर आहे. प्रवेश द्यावा."

देवाजीनं बोट "घर आहे" वर आणून ठेवलं आणि ते दोन शब्द पुन्हा एकदा वाचले, या वेळी मोठ्यानं, भिंतीवरच्या फोटोकडं बघून.